मागच्या भिंतीपर्यंत

मे महिन्याच्या दुपारी माढ्यात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. शाळेच्या हॉलचे पत्रे तेवढे तापून तडतडत असतात. ती तडतड अजून माझ्या कानात आहे. जरा थांबायची, आपण वाक्य बोलायला तोंड उघडलं की पुन्हा सुरू व्हायची, आणि तिला ओलांडून आवाज मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा तर घशातल्या घशात बोलून भागत नसे, तो पोटातून काढावा लागे. नाट्यशिबिराला येणारे सर सोलापूरचे. रागावत नसत, शाबासकीही देत नसत. भिंतीकडे बोट दाखवून एवढंच म्हणत, "तिला ऐकू गेलं का, विचार की."

काय ती भिंत!

आम्ही या बांधावरून त्या बांधाला हाक मारणारी पोरं, आवाजाला तोटा नव्हता. संध्याकाळी माढेश्वरीच्या देवळाकडे जाताना वाटेनं सगळं नाटक खणखणीत म्हणून व्हायचं. पण चार माणसं समोर बसली की तोच आवाज कुठं दडी मारे, कुणास ठाऊक. सुट्टीला आजोळी आलेला पुण्याचा एक मुलगा आमच्यात होता. इंग्रजी धडाधडा वाचायचा, पण वाक्य म्हणताना त्याचे ओठ जेमतेम हलत. "हळू बोल, खालचे तक्रार करतील," हे ऐकतच तो फ्लॅटमध्ये वाढलेला. मोठ्यानं बोलायची मुभा त्याला त्या तापल्या पत्र्याखाली पहिल्यांदा मिळाली असावी. एका दुपारी त्याचं वाक्य भिंतीवर आदळून परत आलं, आणि कोण बोललं म्हणून तोच दचकून मागं बघू लागला. आम्ही कुणी हसलो नाही. आपल्याच आवाजाची अशी अवचित गाठ पडते तेव्हा अंगावर काटा येतो, हे तोवर आम्हालाही कळून चुकलं होतं.

मुलांच्या नाटकाची ही वाट तशी जुनी. मुंबईत सुधा करमरकरांनी मुलांसाठी 'लिटल थिएटर' उभं केलं ते १९५९ साली, रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी' या नाटकानं. १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली. मला मात्र त्यांचं उतारवयातलं काम अधिक जवळचं वाटतं. पंचाहत्तरीच्या घरात असताना त्यांनी ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. तिथं मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेतात, आपणच नाटिका रचतात आणि करतात. एका खोलीत सगळं घर नांदतं तिथं मुलाचं बोलणं ऐकायला कुणाला सवड? अशा मुलानं उजेडात उभं राहून आपलीच गोष्ट सांगावी आणि अंधारातल्या शेवटच्या रांगेनं ती ऐकून घ्यावी, याहून वेगळा आत्मविश्वास मला तरी ठाऊक नाही.

हल्ली एप्रिल लागला की 'व्यक्तिमत्त्व विकास' लिहिलेले फलक खांबाखांबांवर झुलतात, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली जातात आणि आईबाप मोबाईल उंच धरून चित्रीकरण करतात. करोत बापडे. माझं मागणं एवढंच आहे: शिबिरातून आलेलं मूल घरात मोठ्यानं बोलू लागलं, तर लगेच "हळू बोल" म्हणू नका. निदान शाळा उघडेपर्यंत तरी.