करडी फळी आणि उतावळा निकाल

पाइनची किंवा देवदाराची करडी पडलेली फळी दिसली की आपल्याकडे तिचा निकाल लगेच लागतो: कुजली, बंबात घाला. शेजारची नुकती कापलेली, पिवळीधम्मक, अजून ओलसर असलेली फळी मात्र चढ्या भावाने खपते. सागाच्या कौतुकात वाढलेल्या मुलखाचा हा न्याय मला फार खटकतो, कारण पुरावा उलट बाजूने बोलतो. सूचिपर्णी लाकडाचा घात वय करत नाही, ओल करते. उन्हातले अतिनील किरण तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, उरलेल्या फिक्या तंतूंवर बुरशीचा काळपट पापुद्रा बसतो आणि फळी करडी दिसू लागते. वर्षवलयातला मऊ भाग आधी झिजतो, म्हणून हाताला गडद रेषांचे कंगोरे लागतात. पण ही झीज ढोबळमानाने शंभर वर्षांत ६ मिलिमीटर! रंधा मारला की खाली धड लाकूड. कूज हे वेगळंच प्रकरण. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २८-३० टक्क्यांवर गेल्याशिवाय कुजवणारी बुरशी सहसा रुजत नाही. २० टक्क्यांच्या आत लाकूड निर्धोक. ओळखायला यंत्रही नको. टोच्याने कड उचकटून पाहा. लांब, चिवट ढलपी निघाली तर लाकूड चांगलं. आखूड तुकडा कटकन मोडला तर गेलेलं.

कोणी म्हणेल, ही थंड देशांची कौतुकं, कोकणात पाइन चार पावसाळे काढत नाही. नॉर्वेतलं बोर्गुंडचं चर्च साधारण ११८० सालचं, पाइनचं आहे, आणि पाऊस तिथेही पडतो. फरक इतकाच की त्याचं लाकूड दगडी जोत्यावर उभं आहे आणि त्याला डांबर लावत आले आहेत. आपल्या वखारीत काय होतं? फळ्या थेट जमिनीवर, मध्ये पट्ट्या न घालता एकमेकींना चिकटवून रचायच्या, वरून प्लास्टिक ओढायचं. आतली ओल आतच कोंडते, कडांना निळसर झाक येते, फळ्या पीळ खातात, खालून वाळवी लागते. आणि ठपका मात्र पाइनवर! तरी आक्षेपातलं खरं नाकारण्यात अर्थ नाही. बाजारातल्या पाइनमध्ये गाभा कमी आणि कीड-कुजीला सहज बळी पडणारा बाहेरचा पांढरा भाग जास्त असतो. कोकणात छपराच्या वाशांना प्रक्रिया न केलेलं पाइन मीही घालणार नाही.

‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांचंही पूर्ण खरं नाही. जपानच्या होर्युजी पॅगोडाचा मधला खांब ५९४ साली तोडलेल्या हिनोकी या सूचिपर्णी झाडाचा आहे. लाकडाचे जपानी अभ्यासक जिरो कोहारा यांनी जुन्या हिनोकीच्या चाचण्या घेऊन, तोडल्यानंतरची काही शतकं त्याची ताकद वाढते असं मांडलं. पुढच्या चाचण्यांत ती वाढ टिकली नाही. उलट तंतूंना आडवा ताण दिला की जुनं लाकूड लवकर तुटतं असं दिसलं. म्हणजे जुनी तुळई भार पेलेल, पण तिच्यात खिळा ठोकताना आधी भोक पाडा. लाकूड घ्यायला जाल तेव्हा रंग मागून पाहा, आधी थप्पी कशी रचली आहे ते पाहा.