काळ्या अटलांटिकचा माग

स्ट्रासबुर्ग,
रविवार दुपार

प्रिय दिगू,

तुझं पत्र पोचलं. काकांचा गुडघा सुधारतोय हे वाचून जीव भांड्यात पडला. आता त्यांना गाडीखाली झोपू देऊ नकोस, कितीही म्हणाले तरी.

मी इकडे आल्यापासून तुझा एकच धोशा, ‘मोल्सहाइमला गेलीस का?’ गेले बाबा! गेल्या शनिवारी सकाळची गाडी पकडली, अर्ध्या तासाच्या आत बुगाटीच्या गावात. जुन्या मठातल्या संग्रहालयात त्या घराण्याचं दालन आहे, ते बघितलं. पण दिवसभर डोक्यात होती ती तिथे नसलेली गाडी. तिथेच काय, कुठेच नसलेली.

टाइप ५७ एससी अटलांटिक १९३६ ते १९३८ या काळात फक्त चार झाल्या. आठ सिलिंडरचं ३२५७ सीसी इंजिन, आणि ठेंगणी इतकी, की मागचा ॲक्सल चासीच्या खालून न जाता तिच्या आरपार जातो. चारातली दुसरी, चासी नंबर ५७४५३, कारखाना काढणाऱ्या एत्तोरे बुगाटीच्या मुलाची, जाँची स्वतःची. रंग काळा. ती गेली कुठे, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

तुझा जन्म पत्र्यात गेलाय, म्हणून आधी पत्र्याचं सांगते. १९३५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जाँने एरोलिथ नावाची गाडी मांडली. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. पत्रा एलेक्ट्रॉनचा, म्हणजे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. अगदी हलका, पण वेल्डिंगला घेतला की पेटायची भीती. मग जोडायचा कसा? डाव्या-उजव्या भागांच्या कडा बाहेर वळवल्या, एकमेकींना भिडवल्या आणि ओळीने रिबिटं मारली. गाडीच्या पाठीवर मधोमध एक कणाच उभा राहिला. पुढे अटलांटिक बनल्या त्या ॲल्युमिनियमच्या. त्याला वेल्डिंग चालतं, कण्याची गरज नव्हती. तरी जाँने तो रिबिटांसकट ठेवला. अडचणीपोटी आलेली ती रेघ त्याला आवडली होती. मला या माणसाबद्दल माया वाटते ती इथे. नावही त्याने मित्रासाठी दिलं. वैमानिक जाँ मेर्मोझ डिसेंबर १९३६ मध्ये अटलांटिक महासागरावर विमानासह नाहीसा झाला, त्याच्या आठवणीत.

तुला आठवतं, गाडी नावावर करायची असली की काका चासीवरचं ग्रीस चिंधीने पुसायचे, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायचे, आणि राखाडी पट्ट्यात एकेक आकडा पांढरा उमटायचा? मी श्वास रोखून बघत बसायचे. जुन्या गाड्यांचा माग काढणारी माणसं शेवटी तेच करतात. चासीवरचा नंबर, इंजिनवरचा, गिअरबॉक्सवरचा, ॲक्सलवरचा, सगळे कारखान्याच्या नोंदवहीशी जुळवायचे आणि मधल्या मालकांची साखळी लावायची.

पहिल्या आणि चौथ्या अटलांटिकची साखळी लागते. पहिली, ५७३७४, व्हिक्टर रॉथशिल्ड यांनी घेतलेली. चौथी, ५७५९१, १९८८ पासून राल्फ लॉरेन यांच्याकडे. तिसरीची, ५७४७३ ची, कथा मात्र जिवाला लागते. १९५५ साली फ्रान्समध्येच एका रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला उडवलं. आतले दोघं गेले. चुराडा झालेले अवशेष वर्षानुवर्षं पडून राहिले, १९६३ मध्ये एका संग्राहकाने ते विकत घेतले आणि मग बरीच वर्षं खपून ती पुन्हा उभी केली. लोक वाद घालतात की हिला मूळ गाडी म्हणायचं का. मी म्हणेन, म्हणायचं. जिच्या प्रत्येक जखमेचा हिशेब लागतो, तिची ओळख पुसलेली नसते.

काळीचा हिशेबच लागत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात तिचे फोटो आहेत. १९३७ मध्ये नीस आणि लियाँच्या प्रदर्शनांत ती उभी होती. कुणा गिऱ्हाइकाला विकल्याची नोंद नाही. मग ११ ऑगस्ट १९३९ ची रात्र. ल माँची शर्यत जिंकलेली गाडी जाँ कारखान्याजवळच्या रस्त्यावर चालवून बघत होता. एक सायकलवाला आडवा आला, त्याला वाचवायला जाँने गाडी वळवली आणि ती झाडावर आदळली. ३० वर्षांचा होता. तीन आठवड्यांत महायुद्ध पेटलं, पुढच्या वर्षी जर्मनांनी इथला हा अल्सास प्रांत गिळला. फेब्रुवारी १९४१ मध्ये रेल्वेने बोर्दोला पाठवायच्या गाड्यांच्या एका यादीत तिची नोंद सापडते. त्यापुढे कागद कोरा.

आणि कागद संपला की माणसांना विचारावं, तर तीही उरली नाहीत. बुगाटीचे दोन मोठे शर्यतपटू, रोबेर बेनुआ आणि विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, जाँच्या जवळचे. दोघं ब्रिटिशांच्या गुप्त सेवेतून फ्रान्समध्ये नाझींविरुद्ध लढले, दोघं पकडले गेले. बेनुआला १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारलं, ग्रोव्हर-विल्यम्सला नंतर साक्सेनहाउझनमध्ये. गाडी सापडली तर दहा कोटी युरोंच्या वर जाईल असा बुगाटी कंपनीचा अंदाज आहे आणि सगळीकडे त्याचीच चर्चा. मला तो आकडा वाचवत नाही. तिच्यात बसलेली, तिचा आवाज ओळखणारी माणसं एकामागोमाग गेली, म्हणून ती हरवली असं मला वाटतं.

परतायच्या आधी मोल्सहाइमला लागूनच असलेल्या डोर्लिसहाइमच्या दफनभूमीत गेले. बापलेक तिथेच आहेत. बराच वेळ उभी राहिले. बाजूला एक आजी फुलझाडांना पाणी घालत होत्या, हसल्या, काही विचारलं नाही त्यांनी.

आता काकांना माझ्यातर्फे एक विचार, आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिही. उद्या कुणी एखाद्या कोठारातून काळी अटलांटिक बाहेर काढली, चासीवर ५७४५३ नीट ठोकलेला असला, तर तो नंबर खरा की नंतर ठोकलेला हे बघायला ते आधी कुठे हात लावतील?

काकूंना नमस्कार.

तुझी,
मंजू