उतरलेला खांदा

थोरला लेक परदेशातनं आला, तो बाटली घेऊन. "आबा, स्कॉच आहे. तिकडं फार महाग नसते. नुसती घोट घोट घ्या, नाहीतर सोडा-लिंबात." चुलतभाऊ दारूनं गेला, तेव्हापासून मी शिवत नाही. तरी हातात घेऊन बघितली. बाटलीच्या वरच्या अंगाला धातूची तीन माकडं. नाव मंकी शोल्डर, म्हणजे माकडाचा खांदा. म्हणलं, असलं कसलं नाव?

लेक सांगायला लागला. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिस्कीत मळीचं स्पिरिट असतं. ही ब्लेंडेड माल्ट. वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांतली, पण सगळी मोड आणलेल्या सातूचीच, आणि ओकच्या पिंपात कमीत कमी 3 वर्षं मुरलेली. पूर्वी भिजवलेला सातू फरशीवर पसरायचे. मटकीसारखे मोड यायचे. मुळ्या गुंतू नयेत म्हणून गडी रात्रंदिवस फावड्यानं तो खालीवर करायचे. त्यानं खांदा उतरायचा, हात माकडागत लोंबायचा. त्या दुखण्याचं हे नाव.

मी गप झालो. अण्णांचा उजवा खांदा तसाच होता. नीरा डाव्या कालव्याच्या पाळीला रात्र रात्र उसाची दारं धरायचे, खोरं ओढायचे. आम्ही पोरं मागनं त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो. एकदा त्यांनी वळून बघितलं. बोलले काहीच नाहीत.

बाटली लेकाला परत दिली. कशामुळं, ते त्याला सांगितलं नाही.