बसऱ्याच्या मागे घाट नव्हता

आमच्या मंचरच्या घरात पहिल्या महायुद्धाची हकीकत एका वाक्याची आहे: पणजोबांचे धाकटे भाऊ पलटणीतून बसऱ्याला गेले, ते आलेच नाहीत. पत्र नाही, फोटो नाही. गेले काही शनिवार-रविवार त्या वाक्याच्या मागे लागलोय, आणि गोळीबारापेक्षा जास्त वाचलं ते बोटींबद्दल आणि पिठाबद्दल!

तर झालं असं. नोव्हेंबर 1914 मध्ये सहावी पूना डिव्हिजन इराकच्या किनाऱ्यावर उतरली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. वर्षभरात जनरल टाउनशेंड तैग्रिस नदीने बगदादच्या जवळ धडकले, टेसिफॉनला अडले, मागे हटले आणि डिसेंबर 1915 मध्ये कूटला वेढ्यात सापडले.

नाणेघाट पाहिलेल्या जुन्नरकराला यातली गोम लगेच कळेल. कल्याण-सोपाऱ्याची बंदरं चालली, कारण मागे घाट होता. बसऱ्याच्या मागे धड धक्का नाही, रेल्वे नाही, रस्ता नाही. फक्त उथळ नदी आणि मोजक्या बोटी. कुमक बसऱ्यात येऊन पडली होती, पण वर न्यायची कशी? आमच्या धंद्याच्या भाषेत, सर्व्हर भरपूर पण वायर एकच, तीही बारीक. (नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला हे शिकवावं लागत नाही.)

कूटमध्ये गोरे सोजिर मैद्याचा पाव खायचे, त्यांना बेरीबेरी झाला. आपली माणसं कोंड्यासकट पीठ खायची, त्यामुळे त्यातून वाचली. पण भाजीपाला नाही, आणि घोड्याचं मांस धर्मापायी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत टाळलं. त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजायच्या, जखमा भरायच्या नाहीत. नंतरच्या बऱ्याच वर्णनांत दोष या न खाण्यावरच येतो. मला काही ते पटत नाही. बोटी न देता सैन्य पुढे ढकललं कुणी?

शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, ती पुरली नाहीत. 24 एप्रिल 1916 च्या रात्री 270 टन धान्य घेऊन 'जुलनार' (जुन्नर नव्हे!) ही बोट निघाली, ती कूटच्या अलीकडेच तुर्कांच्या हाती पडली. पाच दिवसांनी सुमारे 13,000 जण शरण गेले. त्यातले हजारो पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत मेले.

मग धक्के बांधले, रूळ टाकले, बोटी आणल्या, आणि मार्च 1917 मध्ये जनरल मॉडने बगदाद घेतलं. नोव्हेंबरात तोही तिथेच कॉलऱ्याने गेला.