मेजर चव्हाण आणि आमचे वॉचमनकाका

हॉस्टेलमध्ये वॉर पिक्चर लावायचा म्हटलं की 'बॉर्डर', नाहीतर 'एलओसी कारगिल'. रात्री दोनपर्यंत सगळ्यांचं रक्त सळसळतं आणि सकाळी नऊच्या प्रॅक्टिकलला सगळे देशभक्त झोपलेले! नाना पाटेकरचा 'प्रहार' (१९९१) मात्र कुणी मागत नाही. त्यात सीमेवरची लढाईच नाही. मीही मागितला नसता. मागच्या दिवाळीत मालाडला घरी गेलो तेव्हा लॅपटॉपवर तो एकच पिक्चर होता, एवढंच.

मालाडला फौज नवी नाही. पूर्वेला सीओडीची लांबलचक भिंत, पश्चिमेला मार्वेकडे नौदलाचं 'आयएनएस हमला'. पण प्रत्यक्ष फौजी माणूस आम्हाला भेटतो तो सोसायटीच्या गेटवर, एजन्सीच्या निळ्या शर्टात. आमचे वॉचमनकाका सातारकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. रात्री त्यांच्या केबिनमध्ये लॅपटॉप मांडला.

बेळगावचं कमांडो ट्रेनिंग सुरू झालं आणि काका खुर्चीत ताठ. त्यांची रंगरुटी बेळगावलाच झालेली. (नानानं या भूमिकेसाठी खरोखरचं ट्रेनिंग घेतलं होतं आणि २०१० मध्ये लष्करप्रमुख झालेले व्ही. के. सिंग यात दिसतात. व्हायवाला विचारणार नाहीत, तरी सांगून ठेवतो.)

दुसऱ्या कुणी ओलिसांची सुटका झाल्यावर पिक्चर संपवला असता. नानाचा पिक्चर तिथून सुरू होतो. त्या कामगिरीत पाय गमावलेला पीटर डिसूझा मुंबईला बापाच्या बेकरीत परततो, गुंडांना हप्ता द्यायला नकार देतो आणि मारला जातो. मेजर चव्हाण येतो तो पीटरच्या लग्नाला म्हणून! गल्लीतल्या सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं आणि कुणीच काही पाहिलेलं नसतं. मला सारखं आमचं ऑर्लेम आठवत होतं. माधुरी आणि डिंपल दोघीही मेकअपशिवाय आहेत, त्यामुळे ही गल्ली आणखीच खरी वाटते.

इथे मला घाम फुटायला लागला. कारण आठवड्यापूर्वीच एका गाडीवाल्या पाहुण्याला काकांनी रजिस्टरमध्ये नाव लिहायला सांगितलं, तर त्यानं त्यांची कॉलर धरून ढकललं होतं. गॅलऱ्या भरलेल्या. दुसऱ्या मजल्यावर मी, हातात चहाचा कप. कुणी खाली गेलं नाही. काकांनी टोपी उचलली, झटकली आणि गेट उघडलं.

"काका, बंद करू का? उशीर झालाय."

"ऱ्हाऊ दे. ह्यो म्हातारा लई बरोबर काम करतुया." म्हणजे पीटरचा बाप, हबीब तन्वीर. थोड्या वेळानं म्हणाले, "आन् ही नुसती बघणारी मानसं तर त्याहून बरोबर."

माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग स्वतःहूनच बोलले. १९८७ ला ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले होते. नाव शांतिसेना, आणि महिना-दोन महिन्यांत लढाई थेट तमिळ वाघांशी! नक्की कुणासाठी लढतोय हे जवानाला सांगणारं कुणी नव्हतं. त्या बेटावर आपले १,००० हून अधिक जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, हे मी नंतर वाचलं. काकांनी राजकारण काढलंच नाही. म्हणाले, "गावी गेलो तर लोक इचारत्यात, कुटं हुतास एवढं दिस? सांगितलं लंकेत. तर म्हणं, तितं काय काम हुतं? आता ते मला तरी कुटं ठावं!"

शेवटी गुंडांना संपवणाऱ्या मेजरला कोर्ट वेड्यांच्या इस्पितळात पाठवतं. मला वाटलं काका चिडतील. ते हसले. "शाना मानूस असा एकटा जातुया व्हय!"

आणि म्हणाले, "ते बेळगावचं परत लाव."

पहाटे पाण्याची मोटर लावायची वेळ होईपर्यंत आम्ही तेवढाच भाग दोनदा पाहिला. त्या गाडीवाल्याचा विषय मी काढणार होतो. तोंडापर्यंत आला होता. काका मोटर लावायला उठले आणि मी चार्जर गुंडाळत बसलो.