बोदवडच्या बाजारांतील समुद्र

भुसावळाहून आगगाडीनें आम्ही नुकतेच बोदवडास गेलों. समुद्र शेंकडों मैल दूर. तरी आठवडे-बाजारांत सुक्या बोंबलांच्या राशी दिसल्या. सुकून आखडले म्हणावें, तरी कित्येक जेमतेम बोटभर!

महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरविली: बोंबलाची १८० मिलिमीटर, पापलेटाची १३५. माशानें एकदां तरी अंडीं घालावींत, मगच जाळ्यांत यावें, हा हेतु.

शतपथ ब्राह्मणांतील इवलासा मत्स्य मनूस हेंच विनवितो: मोठा होईपर्यंत मला सांभाळ. मनूनें सांभाळलें, पुढें जलप्रलयांत त्याच मत्स्यानें त्याची नौका ओढून नेली.

आम्ही शाकाहारी, परंतु वाटलें, जाळें किनाऱ्यावर पडतें खरें, तथापि त्यास गिऱ्हाईक बोदवडास मिळतें. त्यानें पिलें नाकारलीं, तरच नातवंडांच्या ताटांत बोंबील उरेल.