देवाचा वाटा

६ जानेवारी हा तीन राजांचा परंपरागत सण. पूर्वेकडील ज्ञानी जन ताऱ्याचा मागोवा घेत बेथलेहेमला पोहोचले, त्याचे हे स्मरण. गोव्यात चांदोरसारख्या गावी या सणाला तीन मुले राजवेषात मिरवतात. फ्रान्स, स्पेन, मेक्सिको या देशांत मात्र हा सण घरच्या मेजावरही उतरतो, आणि तेथे कापला जाणारा केक पोटात एक गुपित बाळगून असतो.

फ्रान्समध्ये या केकमध्ये पूर्वी शेंगेतला एक सुका दाणा लपवीत. एकोणिसाव्या शतकात त्याची जागा चिनी मातीच्या इवल्या बाहुलीने घेतली. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, तो त्या दिवसाचा राजा. त्याच्या मस्तकी कागदाचा सोनेरी मुकुट चढतो. गंमत अशी की, एलिझे प्रासादात राष्ट्राध्यक्षांपुढे येणाऱ्या केकमध्ये बाहुली नसते. प्रजासत्ताकात राजा कुठला?

हे राजेपण फुकट मात्र मिळत नाही. स्पेनमध्ये सुका दाणा ज्याच्या वाट्याला येतो, त्याने केकचे पैसे भरायचे. मेक्सिकोत केकमध्ये बाळ येशूची मूर्ती असते. हेरोदापासून बाळाला लपविल्याची ती खूण. ज्याला मूर्ती सापडेल त्याने २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, सर्वांना जेवू घालायचे. ज्याला बाळ सापडले, त्याने इतरांची भूक पाहावी, हा प्रवचनात न मावणारा अर्थ तेथील गृहिणी दरवर्षी सहज शिकवतात.

आमचे मन अधिक रेंगाळते ते वाटे करण्याच्या रीतीपाशी. फ्रान्समध्ये घरातले सर्वांत धाकटे लेकरू मेजाखाली बसते. वर सुरी एकेका तुकड्यावर टेकते, आणि खालून ते नाव पुकारते. त्याला तुकडा दिसत नाही, म्हणून पक्षपातही होत नाही. धर्मगुरू या नात्याने आम्हांला कधी कधी भावाभावांच्या वाटण्यांत साक्षीला बसावे लागते. विहीर कुणाची, रस्त्यालगतचा तुकडा कुणाचा, यावर शब्दाला शब्द वाढतो. ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या आईचे नाव मात्र पुष्कळदा कुणाच्याच तोंडी येत नाही. अशा वेळी, मेजाखालचे ते लेकरू येथे असते तर, असे आम्हांला वाटून जाते.

त्या रीतीत आणखी एक तुकडा असतो. माणसे मोजून झाल्यावर एक वाटा जास्तीचा कापायचा. त्याला कुठे गरिबाचा, तर कुठे देवाचा वाटा म्हणतात. दारी येईल त्याचा तो. ग्रीसमध्ये संत बाझिलच्या सणाला, १ जानेवारीला, नाणे लपविलेला केक कापतात. तेथेही ख्रिस्ताचा आणि गरिबाचा वाटा काढण्याची प्रथा आहे.

आपल्या घरांत नाताळचा केक आता विपुल आहे, आणि शेजाऱ्यांकडे ताटे जातात तीही परतफेडीच्या हिशेबाने. परतफेड करू न शकणाऱ्या एखाद्याचे नाव येत्या नाताळात आपल्या लेकरांना पुकारू द्यावे, आणि त्याचा वाटा आधी काढावा, एवढेच आमचे मागणे आहे.